पांढरीचं टेकाड: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नदीकाठच्या पुरातन वस्त्यांच्या टेकाडांबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. जागेअभावी ते थोडे आटोपशीर केले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून त्यांना मिळून उत्तर दिलं आहे.

प्रश्न: आमच्या गावापासून अर्ध्या मैलावर, नदीच्या वळणावर दोन पुरुष उंचीचं टेकाड आहे. म्हातारी माणसं त्याला ‘पांढर’ म्हणतात. ही जुनी वस्ती आहे की नुसता उंचवटा, हे न खणता ओळखता येईल का?

बहुतेक वेळा ओळखता येतं. सुरुवात मातीपासून करा. आजूबाजूच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. वस्तीच्या टेकाडावरची माती राखाडी आणि भुसभुशीत असते. तिला भेगा पडल्याच तर बारीक पडतात. शतकानुशतकं चुलीची राख, शेण, भुसा आणि पडलेल्या भिंतींचा गाळ साचून ती तशी झालेली असते. नैसर्गिक उंचवट्यात एक तर मुरूम लागतो किंवा नदीने आणून टाकलेली पिवळी माती. पिवळ्या मातीत चुनखडे पुष्कळ असतात, पण खापरं नसतात.

त्यानंतर खापरं पाहा. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, गवत वाढायच्या आधी टेकाडावरून सावकाश चालत जा. पावसाने वरची धूळ धुतलेली असते, त्यामुळे खापरं आपोआप डोळ्यांत भरतात. लाल खापरावर काळ्या रंगात तिरप्या रेषा, जाळी, चौकटी अशी नक्षी असेल, काठ पातळ असेल आणि नखाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज येत असेल, तर ते बहुधा जोर्वे पद्धतीचं, म्हणजे तांब्या-दगडाच्या काळातलं आहे. या भांड्यांना नाव मिळालं ते संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यावरून. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झालं होतं. त्याच थरांत तोटीची भांडी आणि मधोमध धार काढल्यासारखा कोन असलेले वाडगे मिळतात. सोबत गारेच्या जातीच्या दगडाची, दोन्ही कडा समांतर असलेली बोटभर पाती सापडतात. खापर आतून आणि काठाशी काळं, बाहेरून तांबडं आणि गुळगुळीत असेल, तर ते लोहयुगातलं किंवा त्यानंतरचं असू शकतं. जवळजवळ हातभर लांबीच्या जाड विटा, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि फिरत्या जात्याची तळी ही सातवाहन काळाच्या आसपासची लक्षणं. तांब्या-दगडाच्या काळात दळण खोलगट पाट्यावर व्हायचं, जातं फिरवायची पद्धत बरीच नंतर आली.

गढीशी घोळ करू नका. गढीच्या बुडाशी बहुधा घडीव दगडांची जोती असतात, त्यावर पांढऱ्या मातीच्या उंच भिंती, आणि चकाकी दिलेली भांडी किंवा काचेच्या बांगड्यांचे तुकडे. मात्र पुष्कळ गढ्या आधीच्या पांढरीवरच बांधलेल्या आहेत, म्हणून एकाच टेकाडावर दोन्ही काळ भेटले तर नवल नाही.

खापरं बघा, फोटो काढा आणि होती तिथेच ठेवा. घरी नेलेलं खापर तुमच्यापुरतं शोभेचं ठरतं, पण ते टेकाडाच्या कोणत्या अंगाला होतं ही माहिती कायमची जाते.

प्रश्न: लेणी किंवा किल्ला जपतात ते समजतं. या टेकाडावर ना दगडी भिंत, ना मूर्ती. मग मातीचा ढिगारा ‘संरक्षित’ कशासाठी?

तिथे माती हीच वास्तू असते म्हणून. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावचं उदाहरण घेऊ. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं त्या जागी शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथल्या घरांना दगडी पाया नाही. कुडाच्या, वर माती थापलेल्या भिंती आणि गवताचं छप्पर. मग घर सापडतं कसं? मेढी, म्हणजे लाकडी खांब, कुजून गेल्या तरी त्यांच्या जागी मऊ, गडद मातीचे गोल ठिपके उरतात. जमीन चोपून केलेली असते, तिचा बोटभर जाडीचा कठीण पापुद्रा असतो. तो जिथे एकदम संपतो, तिथे भिंत होती. वर राखेचा पातळ थर, त्यावर पुन्हा चोपलेली जमीन, म्हणजे त्याच जागी दुसऱ्यांदा घर उभं राहिलं. उभ्या कापात हे सगळं दोन वितींच्या आत दिसतं. पावसाळ्यात ओला झालेला काप वाळत येताना तर हे थर वेगवेगळ्या रंगांत स्पष्ट उमटतात, कारण राख, चोपलेली माती आणि भराव यांना वाळायला वेगवेगळा वेळ लागतो.

धान्य साठवायच्या तीन पद्धती तिथे मातीतूनच कळल्या. जमिनीत खणलेली पेवं आहेत. कणगी ठेवायचे मातीचे गोल ओटे आहेत. आणि चौकोनात मांडलेले चार चपटे दगड आहेत, ते चार पायांच्या रांजणाखालचे. रांजण गेला तरी चार दगड ‘जागेवर’ असल्यामुळे अर्थ लागला. तेच दगड कुणी बांधाला नेऊन लावले असते, तर ते नुसतेच चार दगड राहिले असते.

लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, आडवे ठेवून घरातल्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार मिळालं, त्यावरून गावाला प्रमुख असावा असं अनुमान निघालं. टेकाडाच्या कडेला पुराचं पाणी वळवणारा पाट सापडला. तो सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल होता, शेजारी दगडमातीचा बांधही होता. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी केलेलं हे पाटबंधाऱ्याचं काम वरून पाहिलं असतं तर एक लांबट खळगा वाटला असता, आणि ट्रॅक्टरने सपाटीकरण करणाऱ्याने तो अर्ध्या दिवसात बुजवला असता. शेवटच्या टप्प्यात, इ. स. पू. १०००नंतर, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटल्याने गाव हलाखीत गेलं, असं उत्खननकर्त्यांचं मत. यातलं काहीही शिलालेखात लिहिलेलं नाही. सगळं मातीच्या थरांतून वाचलेलं आहे, आणि थर विस्कटले की पुन्हा जुळवता येत नाहीत.

प्रश्न: आमच्याकडे धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांवर आणि शेतात टाकायला पांढरीची माती पूर्वापार नेतात. त्यात वाईट काय? नाही नेली तर काय वापरायचं?

ही माती चांगली आहे हे खरंच. राख आणि चुन्यामुळे ती काळ्या मातीसारखी फुगत-आकसत नाही, म्हणून धाबं गळत नाही. हाडं, शेण आणि राख मुरल्याने तिच्यात स्फुरद भरपूर असतं, म्हणून शेतातही उतारा वाढतो. खानदेश, मराठवाडा आणि गोदा-प्रवरेच्या खोऱ्यातली अनेक टेकाडं याच कारणाने कडेकडेने पोखरली गेली. बैलगाडीच्या काळात वर्षाला दहा-वीस गाड्या जायच्या. आता जेसीबी आणि डंपर आले. पूर्वी दोन पिढ्यांत जेवढं गेलं असतं, तेवढं एका दुपारी जातं. ‘पूर्वापार’ हा शब्द बैलगाडीच्या काळातला आहे, डंपरला तो लागू करू नका.

आणखी एक नुकसान कुणाच्या ध्यानात येत नाही. पांढरीच्या मातीबरोबर खापरं दूरच्या शेतांत जाऊन पडतात. पुढे पाहणी करणाऱ्याला तिथे वस्ती होती असं वाटतं. खरी वस्ती गेली आणि खोटी उभी राहिली, असा हा दुहेरी घोटाळा आहे.

टेकाड संरक्षित असेल तर माती काढणं हा गुन्हा आहे. केंद्राच्या संरक्षित स्थळाला इजा केल्यास २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित नसेल तरी माती हे गौण खनिज आहे. महसूल खात्याच्या परवान्याशिवाय ती उचलली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागू शकतो.

पर्याय आहेत. शेतासाठी तलावाचा गाळ घ्या. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीत विचारा. धाब्यासाठी गावातल्या पडक्या घरांची माती सगळ्यात उत्तम, कारण ती आधीच चाळलेली आणि मुरलेली असते. तीही नसेल तर पिवळ्या मातीत चाळलेली राख आणि तूस मिसळून आठवडाभर भिजत ठेवा. एका वितीच्या तुकड्यावर लेप देऊन वाळवून बघा. भेगा पडल्या तर राख वाढवा. हात लावताच भुगा होत असेल तर राख जास्त झाली, थोडी काळी माती घाला.

प्रश्न: माझ्या गटातला दीड एकराचा उंचवटा ‘संरक्षित’ आहे असं तलाठी म्हणतात. सात-बारावर नोंद दिसत नाही. मी तिथे ज्वारी घेतो. जमीन माझी राहिली की गेली?

संरक्षित म्हणून जाहीर झाल्याने मालकी जात नाही. सरकारने रीतसर संपादन केलं तरच ती जाते. वापरावर मात्र बंधनं येतात, आणि ती मालकालाही लागू असतात.

आधी स्थळ केंद्राच्या यादीत आहे की राज्याच्या, ते बघा. केंद्राचं असेल तर १९५८चा कायदा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय. राज्याचं असेल तर १९६०चा महाराष्ट्राचा कायदा आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. त्या कार्यालयाकडे अधिसूचनेची प्रत लेखी मागा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. घोळ बहुधा नंबरांत असतो. जुन्या अधिसूचनांत सर्व्हे नंबर आहेत, जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, आणि नोंद एकीकडून दुसरीकडे गेलीच नाही. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या सर्व्हे नंबरांचा नव्या गटांशी मेळ दाखवणारा उतारा घ्या आणि तो अधिसूचनेशेजारी ठेवून ताळा करा. हद्द वादाची वाटली तर मोजणी मागवा. त्या वेळी पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर राहील अशी लेखी विनंती करा, नाहीतर मोजणी पुन्हा करावी लागते.

आता ज्वारीबद्दल. केंद्रीय कायद्याच्या कलम १९मध्ये संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, खोदकाम यांना परवानगीशिवाय मनाई आहे. शेतीला मात्र सूट आहे, आणि तिची मर्यादा पृष्ठभागापासून एक फूट खोलीची आहे. तुम्ही वखराने ज्वारी घेत असाल तर त्या मर्यादेत आरामात आहात. ट्रॅक्टरचा पलटी नांगर लावला तर फुटाच्या पलीकडे जायला वेळ लागत नाही. सबसॉयलर, म्हणजे खोलवरची माती फोडणारं अवजार, तर टेकाडावर न्यायचाच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण कायदा पाळूनही नुकसान होऊ शकतं. उतारावरची माती दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते. नांगराची खोली तीच राहिली तरी पृष्ठभाग खाली उतरलेला असतो, म्हणून फाळ दरवर्षी आधी न लागलेल्या थराला लागतो. शेतात अचानक मोठी, ताज्या कडांची खापरं, भाजलेल्या मातीचे ढेकळे किंवा हाडं वर येऊ लागली, तर फाळ नव्या थरात शिरला असं समजा. झिजलेल्या, गोल कडांच्या खापरांचा अर्थ ती बरीच वर्षं नांगरटीत घोळत आहेत. ताज्या कडा दिसल्या की नांगरट थांबवून नुसत्या वखरणीवर या, आणि सरी उताराला आडवी ठेवा.

ज्वारी, बाजरी, हरभरा, मटकी चालतील. ऊस नको, त्याला खोल मशागत लागते आणि पाटपाण्याने खालच्या मातीच्या भिंती विरघळतात. फळबागही नको. डाळिंबाचा खड्डा ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल असतो, आंब्याचा मीटरभर. एका एकरात शेकडो खड्डे म्हणजे टेकाडाची चाळणीच. शेततळ्याचा विचारही करू नका, ते तीन मीटर खोल जातं. पाइपलाइन न्यायचीच असेल तर टेकाडाला वळसा घालून न्या. शंभर-दीडशे फूट पाइप जास्त लागेल, पण काम बंद पडणार नाही.

प्रश्न: केंद्र संरक्षित टेकाडापासून माझं जुनं घर अंदाजे दीडशे मीटरवर आहे. वरचा मजला चढवता येईल का?

अंतर टेकाडाच्या माथ्यापासून नाही, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात, त्यामुळे तुमचे दीडशे मीटर प्रत्यक्षात सत्तरही निघू शकतात. हद्दीपासून पहिले १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. विनियमित क्षेत्रात नवं बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती सगळ्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे शिफारशीसाठी जातो. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम किंवा मजला मिळणार नाही. १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी घर त्या तारखेआधीचं असल्याचा पुरावा लागतो. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा आणि वीजजोडणीचा कागद एकत्र ठेवा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला ही परवानगी नव्हे. तो हातात आला म्हणून काम सुरू केलेल्यांना नोटिसा येतात.

प्रश्न: टेकाडावर वेडी बाभूळ माजली आहे आणि एका बाजूने पावसाने घळ पडली आहे. ग्रामपंचायत पाणलोट योजनेतून समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले चर) खणायचं म्हणते. योग्य होईल का?

नाही. समतल चर डोंगरउतारावर चांगले, पण वस्तीच्या टेकाडावर चर खणणं म्हणजे सगळे थर आडवे कापत जाणं. घळ थांबवायची ती वर भर घालून, खाली खणून नाही. खात्याला कळवून, त्यांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली हे काम असं करता येतं.

घळीचं मूळ आधी शोधा. बहुतेक वेळा वर गुरांची पायवाट असते आणि पाणी तिच्यातून धरतं. वाट काटेरी फांद्या टाकून बंद करा आणि गुरांना टेकाडाच्या बाजूने फिरवा. एवढ्यानेच निम्मं काम होतं. मग घळीच्या तळाशी तरट अंथरून त्यावर सुट्या दगडांचे आडवे बांध रचा. उंची फूटभर, फार तर सव्वा फूट. पाया खणायचा नाही. मधला भाग कडांपेक्षा चार बोटं खाली ठेवा, नाहीतर पाणी कडेने वाट काढतं आणि घळ रुंद होते, या कामात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. दोन बांधांतलं अंतर इतकं ठेवा की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या तळाच्या पातळीत येईल. मागे भरायला बाहेरून आणलेला मुरूम वापरा, टेकाडाची माती उकरून भरू नका. तरटामुळे पुढे कधी उत्खनन झालं तर नवी भर कुठून सुरू होते ते कळेल. उभा तुटलेला कडा दिसला की तो तासून उतार द्यायचा मोह होतो. तासू नका. पायथ्याला बाहेरची भर टाकून त्याला आधार द्या.

गवत लावायचं तर मारवेल किंवा पवन्यासारखं, वरच्या वर मुळं पसरणारं. वाळा लावू नका, त्याची मुळं दोन-तीन मीटर खाली जातात.

बाभूळ जमिनीलगत कापा, उपटू नका. जेसीबीने खोड ओढलं की गाडीभर माती थरांसकट वर येते. बुंधा फुटत राहील, दर पावसाळ्याआधी फुटवे कापत राहा, तीन-चार वर्षांत तो दमतो. बुंधा जाळायचाही नाही. आगीने माती लाल होते आणि नवा कोळसा जुन्या चुलींच्या कोळशात मिसळतो. कार्बन पद्धतीने काळ काढताना हाच कोळसा वापरतात, म्हणून त्यात भेसळ झाली की निष्कर्षच चुकतो.

प्रश्न: विहिरीच्या कामात रांजणाचं तोंड आणि आत बारीक हाडं दिसली. काम थांबवलं आहे. आता काय करावं? गावात ‘गुप्तधन’ म्हणून चर्चा सुरू झाली आहे.

काम थांबवलंत, हे उत्तम केलंत. रांजण बाहेर ओढू नका. माती भरलेलं जुनं भांडं आतल्या मातीच्या वजनाने फुटतं आणि बुड जागेवरच राहतं. पाण्याने धुऊ नका. शेजारी मोजपट्टी किंवा वीतभर काठी ठेवून वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढा. पक्क्या खुणांपासून, म्हणजे विजेचा खांब किंवा विहिरीचा कठडा, अशा दोन खुणांपासून टेपने अंतर मोजून लिहा. जमिनीपासून किती खाली आहे तेही लिहा. मग ओलसर गोणपाट टाकून, वर भुसभुशीत माती पसरून झाका. तलाठी, पोलीस पाटील आणि पुरातत्त्व कार्यालय यांना लेखी कळवा, पोच घ्या.

वर्णनावरून हे लहान मुलाचं दफन असण्याची शक्यता मोठी आहे. धन वगैरे काही नाही. अशी दफनं करणाऱ्या तांब्या-दगडाच्या काळातल्या शेतकऱ्यांकडे तांबंसुद्धा दुर्मीळ होतं. सोनं मिळालंच तर एखाद्या मण्याएवढं मिळतं. रात्री पहारा ठेवा आणि गावात ही गोष्ट उघडपणे सांगा, लपवाछपवीनेच अफवा वाढते. खरोखर मौल्यवान काही निघालंच तर १८७८चा निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.

वस्तू जागेवरून हलली की काय हरवतं, त्याचं दायमाबाद हे ठळक उदाहरण. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे स्थळ आहे. १९७४ साली तिथे झुडपाच्या मुळाशी खणताना कांस्याच्या चार भरीव मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ, मिळून वजन साठ किलोहून जास्त. त्यानंतर दायमाबादला मोठं उत्खनन झालं आणि थरांचा क्रम नीट लागला. पण या मूर्ती स्वतः रीतसर उत्खननात, थरातून निघालेल्या नसल्याने त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही.

प्रश्न: आमच्या शाळेला टेकाडाचा नकाशा करायचा आहे. पैसे आणि यंत्रं नाहीत. मुलांकडून होईल का?

नक्की होईल, आणि चांगला होईल. मालकाची परवानगी घ्या, स्थळ संरक्षित असेल तर कार्यालयाला आधी कळवा आणि जमिनीत खुंट्या ठोकू नका, चुन्याच्या टिपक्यांवर भागवा.

पंधरा मीटर पारदर्शक नळी आणि दोन मीटरच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन सरळ काठ्या लागतील. गवंडी पाणसळ धरतात तीच ही रीत. नळीत शाई मिसळलेलं पाणी भरा. नळीचं एकेक टोक एकेका काठीला धरा, पाणी स्थिरावलं की दोन्ही काठ्यांवरचं माप एकाच क्षणी वाचा. दोन मापांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. न हलणारी एखादी जागा, जसं देवळाची पायरी, शून्य धरा आणि तिथून पाच-पाच मीटरवर पुढे जा. मागची काठी पुढे नेताना दुसरी काठी जागची हलता कामा नये. टेकाडाची माती भुसभुशीत असल्याने काठी रुतते, म्हणून तिच्या खाली फरशीचा तुकडा ठेवा. नळीत बुडबुडा राहिला तर माप सरळ चुकतं. नळी मोकळी पसरून, बोटाने टिचक्या मारून बुडबुडे वर काढा. टोकावर अंगठा राहिला तरी पाणी अडकतं. थोडं पाणी सांडलं तर घाबरू नका, दोन्ही मापं एकाच वेळी वाचली जातात तोवर फरक बरोबरच येतो. शेवटी फिरून शून्याच्या पायरीवर या. बेरीज शून्याच्या चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे आली तर ठीक. जास्त चुकली तर त्या दिवसाची फेरी पुन्हा करा, आकडे ‘जमवून’ घेऊ नका. अर्ध्या मीटरच्या फरकाने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा काढा.

दुसरं काम खापरांच्या मोजणीचं. दहा-दहा मीटरच्या चौकटीत प्रत्येक टिपक्यावर एक मीटर दोरी धरून गोल फिरा आणि त्या वर्तुळातली अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी खापरं मोजा. रंगवलेली, काळी-तांबडी, साधी असे तीन रकाने पुरे. मोजून झालं की खापरं त्याच वर्तुळात ठेवा. आलेख कागदावर दहा मीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण सोयीचं. पायथ्याशी आकडे एकदम वाढलेले दिसतील. त्यावरून तिथे दाट वस्ती होती असं म्हणू नका, बहुधा वरून वाहून आलेली खापरं तिथे साचलेली असतात. गवतातल्या वर्तुळांपुढे ‘गवत’ आणि नांगरलेल्या जागी ‘नांगरट’ असं लिहा, नाहीतर आकड्यांची तुलना फसते.

तयार नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक पुरातत्त्व कार्यालयात द्या. पाच वर्षांनी त्याच पायरीपासून पुन्हा मोजलं, तर टेकाड कोणत्या बाजूने किती झिजलं याचा अंदाज येईल.

प्रश्न: उत्खनन झाल्यावर खड्डे पुन्हा का बुजवतात? उघडे ठेवले तर लोकांना बघता येईल.

मातीच्या भिंती आणि चोपलेली जमीन उघडी राहिली तर एक-दोन पावसाळ्यांत वितळून जाते. बुजवणं हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा जपणुकीचा मार्ग आहे. काही भाग न खणता राखून ठेवणं तितकंच आवश्यक, कारण पुढच्या पिढीकडे मातीतून आणखी काही वाचण्याच्या पद्धती असतील. लोकांना दाखवायचंच असेल तर वर छप्पर, पाण्याचा निचरा आणि कायमचा माणूस लागतो. यातलं एक नसेल तर उघडं ठेवू नये.